हालेलूया! एका शब्दाचं ध्रुवपद

'श्रेक' हा सिनेमा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? हात वर करा पाहू! हिरव्या अंगाचा, कर्ण्यासारख्या कानांचा तो राक्षस आठवतोय ना? सिनेमात एक जागा अशी येते, की सारं हसणं-खिदळणं एकदम थांबतं. राजकन्या दुसऱ्याशी लग्न करायला निघून गेलेली असते. श्रेकला त्याची लाडकी दलदल परत मिळालेली असते, पण आता त्याचं तिथं मन रमत नाही. आणि मागे एक संथ, उदास गाणं सुरू होतं. इंग्रजी नीट कळत नसलं, तरी त्यातला एक शब्द डोक्यातून जाता जात नाही. हालेलूया!

हा सिनेमा आला २००१ साली. पण गाणं त्याच्याही सतरा वर्षं आधीचं. आजवर शेकडो गायकांनी ते आपापल्या परीनं गायलंय. लग्नात गातात, अंत्यविधीत गातात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गातात, टीव्हीवरच्या स्पर्धेत तर हमखास गातात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही एखादी जुनीपुराणी प्रार्थना असावी. पण नीट कान देऊन ऐकलं, तर त्यात प्रेमभंग आहे, भांडण आहे, पराभव आहे. मग ही प्रार्थना की प्रेमगीत? आणि ते इतकं सगळ्यांचं कसं झालं? चला, जरा खोलात शिरून पाहू.

आधी शब्द समजून घेऊ

'हालेलूया' हा हिब्रू भाषेतला शब्द. हिब्रू म्हणजे ज्यू लोकांची प्राचीन भाषा. शब्दाचे दोन तुकडे पाडा. 'हालेलू' म्हणजे 'स्तुती करा', आणि 'या' हे देवाच्या नावाचं छोटं रूप. देवाचं पूर्ण नाव इतकं पवित्र, की धार्मिक ज्यू माणूस ते कधी उच्चारतच नाही. म्हणून हे छोटं रूप.

यात एक गंमत आहे, बरं का! 'हालेलू' हे अनेकवचन आहे. 'तू स्तुती कर' असं नाही, तर 'तुम्ही सगळे स्तुती करा'. म्हणजे हा शब्द म्हणणारा माणूस एकटा असला, तरी तो सगळ्यांना हाक घालत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिची गरज लागणार आहे.

बायबलमध्ये दीडशे स्तोत्रांचा एक भाग आहे. मराठी बायबलात त्याला 'स्तोत्रसंहिता' म्हणतात. हा शब्द तिथला. ज्यू लोकांकडून तो ख्रिस्ती लोकांकडे गेला. लॅटिनमध्ये त्याचं झालं 'आलेलूया'. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आधी उपवासाचे चाळीस दिवस असतात. त्या काळात प्रार्थनेत हा शब्द उच्चारत नाहीत. दुःखाचा काळ ना तो! मग ईस्टरला तो पुन्हा गाजत-वाजत परत येतो. हँडल नावाच्या संगीतकारानं 'मसीहा' या रचनेत या शब्दावर एक भव्य समूहगान बांधलं. १७४२ साली डब्लिन शहरात ते पहिल्यांदा सादर झालं आणि अजूनही नाताळात जगभर घुमतं.

आपल्याकडेही हा शब्द परका नाही. कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये सणावारी ही स्तोत्रं हिब्रूतून म्हटली जातात. आणि मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत तर हा शब्द नेहमीचाच.

म्हणजे शब्द हजारो वर्षांचा आणि आनंदाचा. मग आपल्या गाण्यात तो इतका उदास का वाटतो? त्यासाठी गाणं लिहिणाऱ्या माणसाला भेटायला हवं.

बो-टायमध्ये शिवलेली चिठ्ठी

त्यांचं नाव लिओनार्ड कोहेन. जन्म २१ सप्टेंबर १९३४, कॅनडातल्या माँट्रियल शहरात. घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. वडिलांचा कपड्यांचा धंदा. आईचे वडील धर्मशास्त्राचे मोठे पंडित. त्यामुळे बायबलमधल्या जुन्या कथा लिओनार्डच्या कानावर लहानपणापासून पडत होत्या.

तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. त्या दिवसांत त्यानं एक गोष्ट केली. वडिलांचा एक बो-टाय घेतला, त्याची शिवण उसवली, आत आपण लिहिलेली चिठ्ठी घातली आणि तो बागेत पुरून टाकला. त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं, हे पुढे त्यालाही आठवेना. पण आपण लिहिलेलं पहिलं काही ते, असं कोहेन मोठेपणी सांगत. दुःख झालं की लिहायचं, हे त्या मुलानं तेव्हाच शोधून काढलं होतं.

पुढे ते कवी झाले. १९५६ साली पहिला कवितासंग्रह आला. कादंबऱ्याही लिहिल्या. पण कवितेवर पोट कुठं भरतं? म्हणून गाण्यांकडे वळले. पहिला अल्बम निघाला १९६७ साली, तेव्हा वय तेहतीस! आवाज जाडाभरडा, सूर मर्यादित. पण शब्द असे, की माणूस ऐकतच राहावा.

राजा दावीद आणि बलवान शमशोन

गाण्यात बायबलमधल्या दोन कथा गुंफल्या आहेत. त्या माहीत असल्या, की गाण्याचं कुलूप निम्मं उघडतं.

पहिली कथा दावीदची. हा मेंढपाळाचा पोर. गोफणीनं गल्याथ राक्षसाला लोळवणारा तोच हा! तो वीणा सुंदर वाजवायचा. शौल राजाचं मन बिघडलं, की दावीदला बोलावणं जाई. त्याचं वादन ऐकून राजा शांत होई. पुढे दावीद स्वतः राजा झाला. स्तोत्रसंहितेतली बरीच स्तोत्रं त्याच्याच नावावर आहेत.

पण हाच दावीद एकदा घसरला. राजवाड्याच्या गच्चीवरून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. तिचं नाव बथशेबा. ती दुसऱ्याची बायको होती. तरी राजानं तिला बोलावून घेतलं, आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मुद्दाम पुढच्या फळीत धाडून मरू दिलं. तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा दरबारात आला. त्यानं राजाला एक गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच लाडकी मेंढी होती. शेजारच्या श्रीमंताकडे कळपच्या कळप होते, तरी त्यानं गरिबाची ती एकुलती एक मेंढी पळवली. दावीद संतापला. कोण तो दुष्ट, असं विचारू लागला. नाथाननं शांतपणे त्याच्याकडेच बोट दाखवलं! दावीदची मान खाली गेली. त्यानं गुन्हा कबूल केला आणि देवाची क्षमा मागितली.

दुसरी कथा शमशोनची. त्याचं सारं बळ त्याच्या केसांत होतं. ज्या दलीलेवर त्याचा जीव होता, तिनंच शत्रूला फितूर होऊन तो झोपला असताना त्याचे केस कापवले. शत्रूंनी त्याला पकडलं, त्याचे डोळे काढले. अगदी शेवटी, बेड्यांत उभं असताना, त्यानं पुन्हा देवाला हाक मारली.

काय सारखं आहे या दोघांत? दोघंही मोठे, दोघंही खाली पडले. आणि पडल्यावर दोघांच्याही तोंडी देवाचं नाव आलं.

कोहेन यांनी दोन्ही कथा एकाच कडव्यात मिसळल्या. गच्चीवरचं स्नान आणि केस कापणं एकापाठोपाठ येतं. वर त्यात एक साधी स्वयंपाकघरातली खुर्चीही आणून ठेवली! राजाची गोष्ट झटकन तुमच्या-आमच्या घरातली होऊन जाते. पुढचं कडवं एका भांडणासारखं आहे. देवाचं नाव व्यर्थ घेतोस, असा कुणीतरी आरोप केलाय. त्यावर गाणारा म्हणतो, मला तर ते नावच ठाऊक नाही, पण प्रत्येक शब्दात उजेड असतो. हा शब्द पवित्र तोंडातून आला काय किंवा मोडून पडलेल्या माणसाकडून आला काय, काही फरक पडत नाही. आणि शेवटच्या कडव्यात तो सरळ कबुली देतो. जमेल तेवढं केलं, फार काही साधलं नाही. तरी गाण्याच्या देवापुढे उभा राहीन, तेव्हा ओठांवर हाच शब्द असेल.

हे ऐकलं, की गाण्याचा अर्थ हळूहळू उलगडतो. सगळं चांगलं चाललं असताना स्तुती करणं सोपं आहे. परीक्षेत पहिला नंबर आल्यावर पेढे कुणीही वाटेल! पण सगळं बिघडलेलं असताना, चूक आपलीच असताना, तोच शब्द म्हणता येतो का? म्हणायचा आपल्याला हक्क आहे का? गाणं म्हणतं, आहे. हा शब्द धार्मिक चौकटीतून काढून रोजच्या जगण्यात आणायचा होता, असं कोहेन यांनी मुलाखतीत सांगितलंय.

वह्याच्या वह्या भरल्या!

आता हे वाचून तुम्हाला वाटेल, की कोहेन यांना हे एका बैठकीत सुचलं असेल. छे! वर्षानुवर्षं ते या गाण्याशी झगडत होते. ऐंशीच्या आसपास कडवी लिहिल्याचं सांगतात. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वह्या भरून झाल्या तरी गाणं पुरं होईना, तेव्हा आपण जमिनीवर डोकं आपटत होतो, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

याबद्दल एक मजेदार किस्सा आहे. प्रसिद्ध गायक बॉब डिलन यांनी पॅरिसमधल्या एका कॅफेत कोहेन यांना विचारलं, हे गाणं लिहायला किती वेळ लागला? कोहेन म्हणाले, दोन वर्षं. (खरं तर जास्तच लागली होती, पण सांगायची लाज वाटली!) मग कोहेन यांनी डिलन यांच्या एका गाण्याबद्दल तेच विचारलं. उत्तर आलं, पंधरा मिनिटं!

इतकं करून १९८४ साली 'व्हेरियस पोझिशन्स' हा अल्बम तयार झाला. आणि काय झालं? कोलंबिया या बड्या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखानं तो ऐकला आणि अमेरिकेत काढायला नकार दिला! पुढे एका लहानशा कंपनीनं तो तिथं आणला. फारशी कुणी दखल घेतली नाही. पन्नाशीतल्या कवीचं वर्षानुवर्षांचं काम असं कोपऱ्यात पडून राहिलं.

गाणं हिंडायला लागलं

मग गाण्याला दुसऱ्यांचे आवाज मिळाले. १९९१ साली काही कलाकारांनी कोहेन यांच्या गाण्यांचा एक अल्बम काढला. त्यासाठी जॉन केल या वेल्श संगीतकारानं हे गाणं निवडलं आणि शब्द मागवले. कोहेन यांनी फॅक्सवर पंधरा पानं भरून कडवी पाठवली! केलनं त्यातली पाचच निवडली. पहिली दोन आपण पाहिली ती, पण देवाच्या नावाचं भांडण आणि शेवटची कबुली ही दोन्ही गळाली. त्यांच्या जागी मोडलेल्या प्रेमाची कडवी आली. सोबत फक्त पियानो.

केलचं गाणं ऐकून जेफ बकली या तरुण अमेरिकन गायकानं ते गिटारवर बसवलं. १९९४ च्या 'ग्रेस' या त्याच्या अल्बममध्ये ते आलं. आवाज इतका हळवा, की जणू कानाशी कुणी श्वास घेतंय. १९९७ साली मेंफिसजवळ नदीत पोहताना जेफ बुडाला. वय अवघं तीस. त्याच्या मृत्यूनंतर ते गाणं आणखी लोकांपर्यंत पोचलं.

आणि मग २००१ मध्ये 'श्रेक'! सिनेमात केलचा आवाज आहे, तर गाण्यांच्या अल्बमवर रुफस वेनराइटचा. मुलांचा सिनेमा म्हणून मोठ्यांसाठीच्या काही ओळी गाळल्या होत्या. आता गाणं घराघरांत शिरलं. २००८ च्या डिसेंबरात तर कमाल झाली. टीव्हीवरची गायनस्पर्धा जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कनं ते गायलं आणि ब्रिटनच्या यादीत नाताळच्या आठवड्यात ते पहिलं आलं. दुसऱ्या क्रमांकावर कोण? जेफ बकली, तेच गाणं घेऊन! छत्तिसाव्या क्रमांकावर खुद्द कोहेन, तेच गाणं घेऊन! २०१० साली व्हँकूव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात के. डी. लँग या कॅनडियन गायिकेनं ते गायलं. हे गाणं आता जरा जास्तच लोक गाताहेत, अशी चेष्टाही कोहेन यांनी केली. पण एकेकाळी नाकारलं गेलेलं गाणं असं फिरताना पाहून त्यांना मौजही वाटायची.

डोंगरावरून मुंबईत

या साऱ्या काळात कोहेन कुठं होते? बराच काळ एका डोंगरावर! कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात ते राहत होते. १९९६ साली त्यांनी भिक्षूची दीक्षाही घेतली. स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, तासन्‌तास मौन. आपला ज्यू धर्म मात्र त्यांनी सोडला नाही.

तरी मनातली उदासी जाईना. मग १९९९ साली ते आले थेट आपल्या मुंबईत! पेडर रोडच्या बाजूला रमेश बाळसेकर यांच्या घरी रोज सकाळी सत्संग भरायचा. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियातून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे ते शिष्य आणि महाराजांच्या मराठी बोलण्याचे इंग्रजी दुभाषे. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात राहत, सकाळी बाळसेकरांचं ऐकत, मग पोहायला जात. अनेक वर्षांची उदासी याच सुमारास निवळली, असं ते सांगत.

पुढे त्यांचे साठवलेले पैसे नाहीसे झाल्याचं उघडकीला आलं. म्हणून २००८ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीला मावळत्या उन्हात त्यांनी हे गाणं म्हटलं, तेव्हा मैदानभर पसरलेले हजारो लोक त्यांच्यासोबत गाऊ लागले. आठवतंय ना, 'हालेलू' हे अनेकवचन आहे? २०१६ च्या ७ नोव्हेंबरला कोहेन गेले. गाणं मागे राहिलं.

मग ही प्रार्थना आहे का?

या प्रश्नावर मोठी माणसंसुद्धा वाद घालतात. काही चर्चमध्ये हे गाणं आनंदानं गातात. काहींना ते पसंत नाही, कारण त्यात संसारातल्या प्रेमाच्या, कडवटपणाच्या गोष्टी आहेत. काहींनी तर मूळ शब्द काढून नाताळचे शब्द घातले. मला विचाराल, तर शब्द बदलले की गाणं गोड होतं, पण त्याचा कणा जातो. दावीदचा अपराध काढून टाकला, तर त्याच्या स्तुतीला किंमत काय उरली? प्रत्येक कडवं आपल्याला एका दुखऱ्या जागी नेऊन सोडतं, आणि ध्रुवपद तिथून हात धरून उठवतं. हे सारखं होत राहतं, म्हणून तर ते ऐकावंसं वाटतं.

शिवाय कडवी इतकी, की ज्याला जी लागू पडतील ती त्यानं घ्यावीत. लग्नात एक, अंत्यविधीत दुसरं. ध्रुवपद मात्र एकच शब्दाचं. हा, ले, लू, या. चारही अक्षरं दीर्घ, शेवट उघड्या 'आ'वर. कुठल्याही भाषेच्या माणसाला सहज म्हणता यावं असं. कीर्तनकार कथा सांगतो आणि ध्रुवपदाला सगळी सभा साथ देते, तसंच हे.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी हे गाणं कानावर आलं, की नुसता 'हालेलूया' ऐकू नका. तो कोण म्हणतोय, आणि कशानंतर म्हणतोय, तेही ऐका. आणि एखाद्या दिवशी तुमचं काही बिघडलं, कुणाशी भांडण झालं, चूक तुमचीच निघाली, तर 'आता आपल्याला गायचा काय अधिकार' असं म्हणून गप्प बसू नका. दावीदही बसला नव्हता.

करून पाहा!

घरात पेटी असेल तर ही गंमत करा. पांढरी एक हा 'सा' धरा. आता तीन-तीन स्वर एकदम दाबा. 'म ध सां' दाबा, मग 'प नि रें', मग 'ध सां गं' आणि पुन्हा 'म ध सां'. तिसरी जोडी जरा उदास वाटते ना? आणि परत पहिलीवर आलं, की उजेड पडल्यासारखं होतं. गाण्याच्या पहिल्या कडव्यात कोहेन शब्दांतून याच स्वरजोड्यांची नावं सांगतात, आणि ज्या क्षणी जिचं नाव येतं त्याच क्षणी ती वाजते! सोबत कुणाला तरी सहा मात्रांचा दादरा संथ लयीत धरायला सांगा. बघा, ओळखीचं वाटतंय का!